त्या हिवाळ्यातलं युनायटेड

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. प्रवासवर्णन मला जमत नाही आणि कवितेच्या वाटेला मी कधी गेलो नाही. ‘मग तुमच्या त्या फुटबॉलवर लिहा,’ त्या म्हणाल्या. बहुधा थट्टेनं म्हणाल्या असाव्यात, पण मी मात्र शब्द पकडला. तेव्हा मंडळी, पुढची चार पानं फुटबॉलची आहेत. ज्यांना नको असतील त्यांनी खुशाल पाककृतींकडे वळावं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. बाकीच्या महाराष्ट्राला कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, मिसळ आणि चप्पल आठवते. पण आमच्याकडे फुटबॉलचं वेड त्याहून कमी नाही. पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांची मॅच शाहू स्टेडियमवर असली की पेठांमधलं निम्मं काम बंद पडायचं. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलच्या टीम काढाव्यात, हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं असतं की नाही कोण जाणे. मॅच हरली की आमचे आबा रात्री जेवायचे नाहीत. आई म्हणायची, ‘त्या पोरांनी गोल घातला नाही, त्यात माझ्या आमटीचा काय दोष?’

अशा घरातून मी १९८८ साली डॉक्टर म्हणून मँचेस्टरला आलो. साहजिकच कुठल्यातरी टीमचा होणं भाग होतं. आमच्या वॉर्डातला पोर्टर पक्का युनायटेडवाला होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, ‘डॉक्टर, लाल की निळा?’ मी लाल म्हटलं, केवळ तो समोर उभा होता म्हणून. नंतर कळलं की मी ज्या क्लबाची निवड केली त्याला १९६७ नंतर लीगचं विजेतेपद मिळालेलंच नव्हतं.

आता हे आजच्या मुलांना खरंच वाटत नाही. युनायटेड म्हणजे ट्रॉफ्यांचं कपाट, अशीच त्यांची समजूत. म्हणून थोडं मागे जावं लागेल.

१९८५-८६ चा हंगाम युनायटेडनं ओळीनं दहा मॅच जिंकून सुरू केला होता. पहिल्या पंधरा मॅचमध्ये एकही हार नाही. तेव्हाचे मॅनेजर रॉन अ‍ॅटकिन्सन. सगळ्यांनी विजेतेपद त्यांच्या नावावर लिहूनच टाकलं होतं. मग कॅप्टन ब्रायन रॉब्सन जायबंदी झाला, मार्क ह्यूजला बार्सिलोनाला विकायचं ठरलं, आणि हिवाळ्यात गाडी जी घसरली ती थेट चौथ्या नंबरावर येऊन थांबली. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याहून वाईट. नोव्हेंबर १९८६ मध्ये अ‍ॅटकिन्सनना नारळ मिळाला आणि ६ नोव्हेंबरला स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन क्लबातून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले. १९८३ साली त्यांच्या अ‍ॅबर्डीननं युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवलं होतं, म्हणजे माणूस काही ऐरागैरा नव्हता. पण स्कॉटलंडमध्ये गाजलेला मॅनेजर इथे चालेलच असं नाही, हे लोक तेव्हाही बोलत होते.

आता १९८९ चा ऑगस्ट. त्या उन्हाळ्यात क्लबानं पैसे पाण्यासारखे ओतले. नील वेब, माइक फेलन, गॅरी पॅलिस्टर, पॉल इन्स, डॅनी वॉलेस, असे पाच नवे खेळाडू घेतले. एकट्या पॅलिस्टरचेच तेवीस लाख पौंड मोजले. त्याआधी पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लोकांच्या लाडक्या जोडीला विकून टाकलं होतं. दोघंही गुणी, दोघांचे गुडघे दुखरे आणि दोघांचा पब जरा जास्तच जवळचा. फर्ग्युसनना ती संस्कृती मोडायची होती. पोर्टरला मात्र ते अजिबात पटलं नव्हतं. ‘मॅकग्रा अर्धा झोपेत असला तरी या सगळ्यांपेक्षा भारी,’ हे त्याचं मत.

पहिली मॅच १९ ऑगस्टला, घरच्या मैदानावर, आदल्या हंगामात विजेता ठरलेल्या आर्सेनलशी. सत्तेचाळीस हजार लोक. मॅचच्या आधी मायकेल नाइटन नावाचे गृहस्थ चक्क टीमचा पोशाख घालून मैदानात उतरले, चेंडू पायावर नाचवला आणि स्ट्रेटफर्ड एंडसमोरच्या गोलात मारला. हे क्लब विकत घेणार होते, दोन कोटी पौंडांना. युनायटेडनं आर्सेनलला ४-१ हरवलं. त्या रात्री मँचेस्टरमधल्या अर्ध्या लोकांना वाटलं, संपला वनवास.

ऑक्टोबरपर्यंत नाइटन यांचा सौदा बारगळला होता. आणि टीमही.

वेबची टाच इंग्लंडकडून खेळताना स्वीडनमध्ये गेली. रॉब्सन नेहमीप्रमाणे मधूनमधून जायबंदी होत होता. २३ सप्टेंबरला मेन रोडवर मँचेस्टर सिटीनं आम्हाला ५-१ तुडवलं. त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनमधून वर आलेली सिटी! त्या दिवशी घरी जाऊन उशीखाली डोकं खुपसून पडून राहिलो, असं फर्ग्युसननी पुढे सांगितलं. माझ्याकडे तेवढीही सोय नव्हती. सोमवारी वॉर्डात जावं लागलं, आणि आमचे सर्जन सिटीवाले होते. राउंडमध्ये त्यांनी मला पाच बोटं दाखवली. रुग्णाला वाटलं, पाच दिवसांनी घरी सोडणार.

दिवाळीच्या तोंडावर टॉटनहॅमनं ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन लीग कपमध्ये ३-० हरवलं. तरी खरी घसरण पुढेच होती. १८ नोव्हेंबरला लूटनला ३-१ हरवलं आणि त्यानंतर लीगमधला पुढचा विजय थेट १० फेब्रुवारीला, मिलवॉलविरुद्ध. मधे अकरा मॅच. त्यातल्या सहा हरलो, पाच बरोबरीत. बॉक्सिंग डेला अ‍ॅस्टन व्हिलानं ३-० हरवलं. मॅकग्राला आम्ही ज्यांना विकला होता, तेच व्हिला. पोर्टर त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, जणू काही मीच विकला होता.

त्या अकरांतली ९ डिसेंबरची क्रिस्टल पॅलेसशी झालेली मॅच मी मैदानात जाऊन पाहिली. मैदानात जायला मी तोवर कचरतच होतो. हिल्सबरोची दुर्घटना त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. शिवाय तेव्हाच्या स्टँडमध्ये सावळ्या चेहऱ्याच्या माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे सगळे सांगायचे. पोर्टर म्हणाला, ‘माझ्या शेजारी उभे राहा, कोणी काही बोलणार नाही.’ कोणी बोललं नाही. बोलायला तिथे फर्ग्युसन होते ना! ऑगस्टमधले सत्तेचाळीस हजार घटून साडेतेहतीस हजारांवर आले होते. आणि हा पॅलेस कोण? तर सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलकडून ९-० हरलेला. आम्ही आधी एक गोल केला आणि मग मार्क ब्राइटनं दोन केले. त्या दुपारी एका प्रेक्षकानं चादरीवर रंगवून आणलेलं फलक उलगडलं. तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकतोय, परिस्थिती मात्र तितकीच घाण, तेव्हा फर्गी, राम राम, अशा अर्थाचं. मूळ शब्द जरा अधिक कडक होते. त्या महिन्याला फर्ग्युसननी आपल्या कारकीर्दीतला सर्वांत काळा काळ म्हटलं आहे.

मीही टाळ्या वाजवल्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. हल्ली भेटणारा प्रत्येक जुना युनायटेडवाला ‘माझा फर्ग्युसनवर पहिल्यापासून विश्वास होता’ असं सांगतो. असे विश्वासू लोक त्या दिवशी मला तरी दिसले नाहीत. त्यांना जायला हवं असं मला मनापासून वाटलं होतं, आणि उपलब्ध पुराव्यावरून ते मत चूक नव्हतं. तीन वर्षं, एवढा पैसा, आणि टीम खालच्या डिव्हिजनच्या दिशेनं निघालेली.

टाळ्या वाजवायला आणखी एक कारण होतं. मी एफ.आर.सी.एस.च्या पहिल्या भागात त्याच महिन्यात तिसऱ्यांदा नापास झालो होतो. नोकरी सहा महिन्यांची. फेब्रुवारीनंतर कुठे, माहीत नाही. आबांच्या निळ्या एरोग्राममध्ये दर वेळी शेवटी एक ओळ असायची, ‘परीक्षेचे काय झाले ते कळवणे.’ मी उत्तरात युनायटेडचे निकाल कळवायचो. ते काही फार बरे नव्हते.

मग ७ जानेवारी १९९०. एफ.ए. कपची तिसरी फेरी, नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लीग म्हणजे वर्षभर सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, आणि कप म्हणजे हरला तो बाहेर. फॉरेस्टचे मॅनेजर ब्रायन क्लफ, टीम जोरात. आमचे अर्धे खेळाडू जायबंदी, रॉब्सन, वेब, इन्स, वॉलेस सगळे बाहेर. रविवार होता, बी.बी.सी.वर थेट प्रक्षेपण. टीव्हीवर जिमी हिल म्हणाले की ही टीम सराव करतानाच हरल्यासारखी दिसते. हरलो तर फर्ग्युसन गेले, असं सगळ्या पेपरांनी छापलं होतं.

मी ऑन-कॉल होतो. डॉक्टरांच्या मेसमध्ये हाफटाइमपर्यंत पाहिलं, मग ब्लीप वाजला आणि कॅज्युअल्टीत मनगट मोडलेल्या एका आजीबाईंना प्लास्टर घालत बसलो. ५६ व्या मिनिटाला मार्क ह्यूजनं पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू आत वळवला आणि वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सनं डोक्यानं गोल केला. हे मी नंतर टीव्हीवर शंभरदा पाहिलं. प्रत्यक्षात मला कळलं ते पोर्टर रिकामी ट्रॉली ढकलत धावत आला तेव्हा. फॉरेस्टचा एक गोल पुढे पंचांनी रद्द केला. १-० जिंकलो. आजीबाईंनी विचारलं, ‘चांगली बातमी आहे का?’ मी हो म्हटलं. अर्धं प्लास्टर माझ्या बाहीवर होतं.

‘फर्ग्युसनना वाचवणारा गोल’ म्हणून हा इतिहासात गेला. इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या फॅन लोकांना इतिहासापेक्षा गोष्ट जास्त आवडते.

पहिलं म्हणजे, अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स आणि संचालक बॉबी चार्लटन यांनी नंतर अनेकदा सांगितलं की हरलो असतो तरी आम्ही त्यांना काढणार नव्हतो. नंतर सांगणं सोपं असतं, हे मान्य. फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये जिंकलोच नाही, तरीही त्यांना काढलं नाही, ही त्यातल्या त्यात पटणारी साक्ष.

दुसरं, त्या गोलानं घसरण थांबली नाही. पुढच्या दोन्ही लीग मॅच हरलो, डर्बीशी आणि नॉर्विचशी. हंगाम संपला तेव्हा आमचा नंबर तेरावा. फक्त कपमध्ये गाडी कशीबशी पुढे सरकत राहिली. हेरेफर्ड, न्यूकॅसल, शेफील्ड युनायटेड, प्रत्येक वेळी परक्या मैदानावर आणि एकेका गोलाच्या फरकानं. सेमीफायनलमध्ये ओल्डहॅमशी ३-३, मग फेरलढतीत २-१, आणि तिथेही शेवटचा गोल रॉबिन्सचाच. फायनलला समोर तोच क्रिस्टल पॅलेस. वेम्बलीवर ३-३. पाच दिवसांनी, १७ मे रोजी, पुन्हा मॅच.

त्या पाच दिवसांत फर्ग्युसननी गोलकीपर जिम लेटनला बाहेर बसवलं. लेटन त्यांचा अ‍ॅबर्डीनपासूनचा माणूस, त्यांनीच आणलेला. त्याच्या जागी लूटनकडून उसना घेतलेला लेस सीली. ली मार्टिन नावाच्या बचावपटूनं गोल केला, १-० नं कप जिंकला. सीलीनं आपलं पदक लेटनला देऊ केलं, लेटननं ते घेतलं नाही. लेटन आणि फर्ग्युसन यांच्यात पुढे कायमचा दुरावा आला. मी सर्जन म्हणून काम केलंय, कधी काय कापावं लागतं ते मला माहीत आहे. तरीही त्या फोटोंमधला लेटनचा चेहरा मला पाहवत नाही. मॅनेजरला मिळालेल्या सवलतीचं बिल असं कोणाच्या तरी नावावर फाटतं.

कप जिंकल्यामुळे युरोपचं दार उघडलं. हायझेलच्या १९८५ च्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर असलेली बंदी नेमकी १९९० मध्ये उठली. १५ मे १९९१ ला रॉटरडॅममध्ये बार्सिलोनाला २-१ हरवून कप विनर्स कप जिंकला, दोन्ही गोल बार्सिलोनातून परत आलेल्या ह्यूजचे. १९९३ मध्ये लीग, सव्वीस वर्षांनी. १९९९ मध्ये तीन ट्रॉफ्या एकाच हंगामात. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत लीगची तेरा विजेतेपदं.

आणि तिसरी गोष्ट, जी त्या डिसेंबरमध्ये चादर फडकवणाऱ्याला आणि टाळ्या वाजवणाऱ्या मला दिसणं शक्यच नव्हतं. फर्ग्युसन आले तेव्हा क्लबाची पोरं हेरणारी यंत्रणा फारच तोकडी होती. शहरातली चांगली मुलं सिटी उचलायची. फर्ग्युसननी हेरणारी माणसं वाढवली, ज्युनिअर टीमचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन यांना हवी ती मदत दिली. नोव्हेंबर १९८७ मध्ये सिटीच्या शाळेत खेळणाऱ्या एका वेल्श पोराच्या चौदाव्या वाढदिवसाला ते स्वतः त्याच्या घरी गेले. ते पोर म्हणजे रायन गिग्ज. वरची टीम गटांगळ्या खात होती, तेव्हा खाली बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल, स्कोल्स ही पोरं गोळा होत होती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी १९९२ मध्ये कुमारांचा एफ.ए. युथ कप जिंकला. लीगच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नव्हतं. कोल्हापूरला पेठेतल्या बोळात चेंडू मारणारी पोरं पाहून आबा म्हणायचे, ‘पाच वर्षांनी बघ.’ तसं तिथे बघणारा संचालक मंडळात कोणीतरी होता, इतकंच.

म्हणून ‘धीर धरला की फळ मिळतं’ हे तात्पर्य १९८९ च्या हिवाळ्यातून काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. आमच्या मेसमध्ये माझ्याबरोबर मिरजेहून आलेला एक डॉक्टर होता. अभ्यासाला माझ्यापेक्षा कितीतरी पक्का, हात माझ्यापेक्षा हलका. मी चौथ्या वेळी पास झालो. तो झाला नाही, आणि त्याची सहा महिन्यांची नोकरी पुढे वाढवली गेली नाही. १९९० च्या उन्हाळ्यात तो परत गेला. जाताना त्यानं मला त्याचा प्रेशर कुकर दिला. धीर त्यानंही तितकाच धरला होता. मंडळाच्या कार्यक्रमात तरुण मुलांना चार शब्द सांगा म्हटलं की मला आधी तो आठवतो, आणि मी काहीतरी विनोदी बोलून खाली बसतो.

२०१३ नंतर युनायटेडची जी घसरण सुरू झाली, तिच्यात ही जुनी गोष्ट प्रत्येक मॅनेजरच्या बाजूनं वापरून झाली. डेव्हिड मॉइसना दहा महिन्यांत काढलं तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, फर्गीला तर तीन वर्षं दिली होती.’ मी म्हटलं, ‘अरे, पण खाली काय शिजतंय ते कोणी पाहिलंय का?’ त्याला ते उत्तर पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

२१ एप्रिल २०२४ ला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. एफ.ए. कपची सेमीफायनल, वेम्बली. युनायटेडचे मॅनेजर एरिक टेन हाग, लीगमध्ये कामगिरी वाईट, नोकरी धोक्यात. समोर दुसऱ्या डिव्हिजनमधली कॉव्हेंट्री सिटी. आणि कॉव्हेंट्रीचे मॅनेजर कोण? मार्क रॉबिन्स. केस विरळ झालेले, खिशात हात घालून रेषेजवळ उभे.

युनायटेड ३-० नं पुढे होतं. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला उठलो. परत आलो तोवर ३-१, मग ३-२, आणि इंज्युरी टाइममध्ये ३-३. शेवटच्या क्षणी कॉव्हेंट्रीच्या टॉर्पनं चौथा गोल केला आणि सगळी टीम त्यांच्या प्रेक्षकांकडे धावली. व्हिडिओ तपासून पंचांनी ऑफसाइड दिला. बोटभर अंतर असेल नसेल. पेनल्ट्यांवर युनायटेड जिंकलं, पुढे फायनलमध्ये सिटीला हरवून कपही जिंकला, टेन हाग वाचले, कराराची मुदतही वाढली. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकलं. तो हंगाम पंधराव्या नंबरावर संपला, माझ्या त्या तेराव्यापेक्षाही खाली.

पण ते नंतरचं. टॉर्पचा गोल झाला तेव्हा मी हात वर करून उभा राहिलो होतो, हे चिरंजीवांनी पाहिलं. ‘बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूनं?’ मी खाली बसलो. चहा आणतो म्हणालो. तो म्हणाला, ‘चहा तुमच्या हातातच आहे.’